अठरावं लागलं, चल नीघ!



गावाला वेस असते हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण या राज्यात एक वेस अशी आहे की ती वयाला घातलेली आहे. बालगृहात वाढलेल्या पोराला, पोरीला अठरा वर्षं पुरी झाली की त्या वेशीबाहेर काढतात. मारून-झोडून नव्हे, रीतसर. सही होते, शिक्का बसतो, रजिस्टरात एक ओळ पडते आणि मागं दार लागतं. पोराच्या हातात एक पिशवी, दोन कपडे, शाळेचा दाखला. अधीक्षक कनवाळू असला तर गाडीभाडं. वरनं उपदेश, "आता तू सज्ञान झालास. स्वतःच्या पायावर उभा राहा." पाय ठेवायला जागा कुठं आहे ते सांगायला मात्र कुणाला सवड नसते.

आणि हे सज्ञानपण येतं कुठल्या दिवशी? आपल्या बापजाद्यांच्या जन्मतारखा हेडमास्तरांनी १ जून लावल्या, तसंच इथंही. शाळेचा दाखला नाही, जन्माचा कागद नाही, तर कायद्याच्या कलम ९४ प्रमाणं हाडांची तपासणी करून डॉक्टर वय सांगतो. म्हणजे हाडाच्या फोटोवरनं अंदाजानं काढलेल्या वयावर एका माणसाचं छप्पर ठरतं. १ जूनवाल्यांचं तर विचारूच नका. बारावीचा निकाल नुकता लागलेला, कॉलेजाचे फॉर्म भरायचे दिवस, डोक्यावर पाऊस आलेला, आणि नेमकं तेव्हाच पोरगं सज्ञान होतं.

आता पांढरपेशाच्या घरातला अठराचा मुलगा बघा. त्याची आई त्याला अजून 'बाळ' म्हणते. क्लासची फी बाप भरतो. पदवी होईतो एकविसावं लागतं, स्पर्धा परीक्षेच्या दोन-चार फेऱ्या होईतो सत्ताविसावं. तोवर ताट वाढलेलं असतं, अंथरूण घातलेलं असतं. त्याला कुणी ऐतखाऊ म्हणत नाही, तो 'करिअर करतोय' म्हणतात. आणि बालगृहातलं पोरगं म्हणालं, "साहेब, निकाल लागेस्तोवर राहू द्या," तर ते फुकटं, माजलेलं. वय एकच, न्याय दोन. हे दोन न्याय आपण पिढ्यान् पिढ्या ओळखतो.

म्हणून हा मजकूर. भूतदयेसाठी नाही. भूतदयेचा बाजार या देशात भरपूर आहे. आपल्या चळवळीनं हा प्रश्न अंगावर घेतला पाहिजे आणि तो तिनं अजून घेतलेला नाही, एवढंच सांगायचं आहे.

'अनाथ' कुणाला म्हणता?

आधी या शब्दाचा हिशेब चुकता करू. बालगृहातल्या सगळ्याच पोरांचे आईबाप मेलेले नसतात. कितीकांची आई जिवंत असते, बाप जिवंत असतो. आई कामाठीपुऱ्यात नाहीतर बुधवार पेठेत असते. बाप तुरुंगात असतो. दोघं कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेली असतात आणि मागं पोराला बघणारी म्हातारी मेलेली असते. कुणाच्या घरात क्षय शिरलेला असतो, कुणाच्या घरात दारू. कुणी पारध्याचं पोर सिग्नलवरनं उचललेलं असतं. म्हणजे या पोरांना आईबाप आहेत. आईबापाला जमीन नाही, काम नाही, घर नाही. याला दैव म्हणायचं? दैव असं नेमकं गावकुसाबाहेरच कसं पडतं? डेक्कन जिमखान्यावरची किती पोरं बालगृहात भेटतात, बघा बरं शोधून.

या व्यवस्थेनं आधी आईबापाला मोडलं. मग पोराला उचलून 'संरक्षण' दिलं. आणि अठराव्या वर्षी त्याच मोडक्या जागी परत नेऊन सोडलं. मधली दहा-बारा वर्षं म्हणजे सरकारनं केलेला सांभाळ.

आणखी एक गोड भाषण ऐकायला मिळतं: "अनाथाला जात नसते. ते खरं भारतीय नागरिक!" हे बोलणाऱ्याला स्वतःचं आडनाव घट्ट चिकटलेलं असतं. जात नसणं हा ज्यांना अलंकार वाटतो त्यांनी एकदा भाड्याची खोली बघायला जावं. मालक नाव विचारतो. नाव सांगितलं की आडनाव विचारतो. आडनाव संस्थेनं दिलेलं, त्यावरनं त्याला पत्ता लागत नाही, मग विचारतो, "गाव कुठलं? कुणापैकी?" पोरगं गप्प राहतं. मालक मनाशी ठरवतो, 'असंल कुणीतरी खालचं.' जात नसलेल्याला या देशात वरची जात कधी मिळालेली नाही. त्याच्या वाट्याला संशय येतो, आणि संशयाची जात नेहमी आपलीच असते.

कायद्यातला 'देता येईल'

कायदा काय म्हणतो ते कार्यकर्त्यानं तोंडपाठ करावं, कारण साहेब लोक आपल्या अडाणीपणावर जगतात.

पोरक्या पोरांकडं या देशाच्या कायद्यानं पहिल्यांदा बघितलं ते १८५० साली. त्या वर्षीचा १९ क्रमांकाचा कायदा अॅप्रेंटिसांचा. धर्मादायावर वाढणारी आणि गरिबाघरची दहा ते अठरा वर्षांची पोरं धंदा शिकायला म्हणून मालकाकडं करारानं बांधून देता यावीत, एवढ्यासाठी तो केलेला. पोरक्या पोराचं काय करायचं, तर त्याला कामाला लावायचं, ही नजर तेव्हापासनं पक्की झाली. मुंबई इलाख्यात १९२४ चा बालकांचा कायदा आला, मग १९४८ चा. १९८६ च्या बाल न्याय कायद्यानं मुलगा सोळापर्यंत बालक आणि मुलगी अठरापर्यंत बालक ठरवली. २००० च्या कायद्यानं दोघांनाही अठरा केलं. आज चालतो तो २०१५ चा कायदा. वेस थोडी सरकली, पण उठली नाही.

या २०१५ च्या कायद्यात अनुरक्षण नावाची गोष्ट आहे. संस्थेतनं बाहेर पडलेल्या, अठरा पुरी झालेल्या पण एकवीस न झालेल्या तरुणाला पैशाचा आणि इतर आधार, अशी तिची व्याख्या. २०१६ च्या नियमांत अपवाद म्हणून आणखी दोन वर्षं वाढवायची सोय आहे, म्हणजे तेविसापर्यंत. सहा ते आठ जणांनी मिळून राहायची तात्पुरती जागा, धंदेशिक्षण, विद्यावेतन, कर्जाला मदत, सल्ला द्यायला माणूस. कागदावर सगळं झकास.

मग अडतं कुठं? अडतं ते कलम ४६ च्या एका क्रियापदाशी. अठरा पुरी करून बाहेर पडणाऱ्याला आर्थिक साहाय्य 'देता येईल', असं तिथं लिहिलंय. 'दिलंच पाहिजे' असं लिहिलेलं नाही. दोस्तहो, या 'देता येईल'वर आपल्या कितीतरी पिढ्या उपाशी मेल्या. पाणी देता येईल. देवळात घेता येईल. जमीन देता येईल. देणाऱ्याची मर्जी असंल तर. बाबासाहेबांनी महाडला १९२७ साली तळ्याचं पाणी कुणाच्या मर्जीची वाट बघत प्याले नाहीत. ते हक्कानं प्याले. या पोरांच्या कायद्यातनं ते 'देता येईल' खोडून काढणं हे आपलं पहिलं काम.

छत्तीस जिल्ह्यांच्या या राज्यात अनुरक्षणगृहं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. ज्याला तिथं जागा नाही त्याच्यासाठी पैसा. २०२२ पासनं केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये अशा तरुणाला महिन्याला ४००० रुपये ठरलेत. पुण्यामुंबईत कॉटबेसिसवर एक खाट घ्या, मेसचा दोन वेळचा डबा लावा, मग चार हजारांतनं पुस्तकाला, एसटीला, आजारपणाला काय उरतं त्याचा हिशेब मंत्र्यांनी स्वतः मांडून दाखवावा. आणि तेही ज्याचं प्रकरण वेळेत पुढं सरकलं त्याला. बाल कल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, महिला व बाल विकास अधिकारी, एवढ्या टेबलांवरनं कागद फिरतो. कागद फिरतोय तोवर पोरगं स्टेशनवर झोपतंय.

जी पोरं संस्थेत नाहीत, आजीकडं, मावशीकडं, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या घरी वाढतात, त्यांना राज्याची बालसंगोपन योजना आहे. २०२३ पासनं महिन्याला २२५० रुपये. आता तिला सावित्रीबाईंचं नावही दिलंय. पण तिथंही अठरावं लागलं की पैसा बंद. म्हातारीच्या पेन्शनवर कॉलेज करा!

अठरानंतर आधार लागतो हे सरकारला कळत नाही असं कुणी म्हणू नये. चांगलं कळतं. २०२१ साली कोविडमध्ये ज्यांचे आईबाप गेले त्यांच्यासाठी केंद्रानं योजना काढली, तेव्हा अठरा ते तेवीस दरमहा मदत आणि तेविसाव्या वर्षी १० लाख रुपये, असं ठरवलं. चांगलं केलं. त्या पोरांचा आम्ही दुस्वास करत नाही, त्यांतही आपली पोरं आहेत. सवाल एवढाच की ज्याचा बाप गटारात गुदमरून मेला, ज्याची आई बाळंतपणात रस्त्यावर गेली, त्या पोराला तेविसापर्यंत पोट नसतं काय? मरणाचाही मान ठरवता काय तुम्ही? साथीत मेला तो मोठा, गरिबीत मेला तो चिल्लर?

राज्यघटना याच्या पुढं जाते. अनुच्छेद ३९ मधला (फ) उघडून वाचा. बालपण आणि तारुण्य, दोन्हींना शोषणापासनं आणि नैतिक व भौतिक परित्यागापासनं संरक्षण मिळावं, असं राज्याचं धोरण हवं, हा त्याचा आशय. बालपण आणि तारुण्य! घटनेनं तारुण्याला अठराची वेस घातलेली नाही. वेस घातली ती नंतरच्या कारकुनी अकलेनं.

१९५० चा कागद कुठनं आणू?

आता आपल्या थेट वर्मावर येऊ. पोरगं बाहेर पडलं. त्याला शिष्यवृत्ती पाहिजे, वसतिगृह पाहिजे, स्वाधारचे पैसे पाहिजेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत मुंबई-पुण्यात शिकणाऱ्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्याला वर्षाला ६०,००० रुपये आहेत. बाबासाहेबांच्या नावाचा पैसा. पण दारात टेबल आहे आणि टेबलावर एकच प्रश्न: जातीचा दाखला?

दाखल्याला पुरावा लागतो. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. विमुक्त-भटक्याला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. आजाचा, पणज्याचा दाखला, महसुली उतारा, काहीतरी. ज्या पोराला बापाचा चेहरा आठवत नाही त्यानं पणज्याचा शाळेचा दाखला आणावा! ज्याचा पणजा शाळेच्या पायरीला शिवला असता तर मार खाल्ला असता, त्याचा शाळेचा दाखला! आपल्या घरातल्या पोरांचाही या कागदापायी जीव जातो. पण आपल्या पोराच्या मागं बाप तहसीलच्या चकरा मारतो, चुलता गावाकडनं उतारा काढतो, ओळखीचा तलाठी निघतो. बालगृहातल्या पोराच्या मागं कोण चकरा मारणार?

आई आपली असली आणि बाप कोण ते माहीत नसलं, तर कारकून म्हणतो, जात बापाची. तर त्याला सांगा की २०१२ साली सुप्रीम कोर्टानं रमेशभाई नायका खटल्यात सांगितलंय, मुलाला बापाचीच जात असते हे गृहीत धरून फाईल बंद करता येत नाही. मूल कुठं वाढलं, कुणाचे भोग त्यानं भोगले, हे तपासावं लागतं. हा निकाल खिशात ठेवून तहसीलदाराकडं जा.

मग दुसरा दरवाजा. २०१८ साली राज्यानं अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण दिलं. सुरवातीला ते कुणाला, तर ज्याच्या कागदावर आईबाप, नातलग, जात यातलं काहीच नाही त्याला. म्हणजे एखाद्या शहाण्यानं पोर दाखल करताना रजिस्टरात जात लिहिली, तर त्या जातीचा दाखला मिळायला ती पुरत नव्हती, पण अनाथाचं आरक्षण घालवायला पुरत होती. दोन्ही दरवाजांच्या मधोमध पोरगं उभं. ओरड झाली तेव्हा २०२१ ला आणि २०२३ ला नियम बदलून व्याख्या रुंद केली. तरी आई जिवंत आहे पण सांभाळू शकत नाही, बाप जन्मठेपेत आहे, असलं पोरगं अनाथ ठरत नाही. त्याला ना इकडचं, ना तिकडचं.

आपल्यातलेच काही कुजबुजतात, "हे अनाथांचं आरक्षण म्हणजे आपल्या ताटात नवा वाटेकरी." हे नीट समजून घ्या आणि दुसऱ्याला समजावून सांगा. ते समांतर आरक्षण आहे. अनुसूचित जातीचे १३ टक्के १३ च राहतात. आणि समजा वाटा द्यावा लागला असता, तर? ज्या पोराला आईबापानंच काय, जातीनंही घेतलं नाही, त्याला भाकरीतला तुकडा देताना हात आखडणारा माणूस निळा झेंडा कशासाठी धरतो?

पोरीचं 'पुनर्वसन'

पोरगा बाहेर पडला की रस्त्यावर. पोरगी बाहेर पडायच्या आधीच तिचं स्थळ बघितलं जातं. कार्यालयाच्या भाषेत याला पुनर्वसन म्हणतात. लग्न लावलं की फाईल बंद. मांडव पडतो, एखादा मंत्री नाहीतर मोठा साहेब कन्यादान करतो, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. सगळे डोळे पुसतात.

आम्ही विचारतो, कन्या ही दान द्यायची वस्तू आहे काय? बौद्ध पद्धतीच्या विवाहातनं आपण कन्यादान हद्दपार केलं ते कशाला? तिला शिकायचं होतं का, नर्स व्हायचं होतं का, काही दिवस एकटीनं राहून बघायचं होतं का, हे कुणी विचारलं? अठरा वर्षं भिंतीआड वाढलेल्या पोरीला एकीकडं रस्ता आणि दुसरीकडं नवरा दाखवून 'निवड' म्हणायचं, ही कुठली निवड? आणि तिथं मारहाण झाली तर ती जाईल कुठं? माहेर नावाची जागा तिच्याकडं नाही. संस्थेचं दार तर तिच्यासाठी बंद झालेलं. लग्न करणाऱ्या पोरीला आमचा विरोध नाही. लग्नाला सरकारी योजना बनवण्याला आहे.

आपला वारसा काय सांगतो?

१८६३ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल तिथं ठेवावं. तिथं जन्मलेलं एक ब्राह्मण विधवेचं मूल त्यांनी १८७४ साली दत्तक घेतलं. तो यशवंत. त्याला वाढवलं, डॉक्टर केलं. जोतीरावांनी १८८७ साली मृत्युपत्र केलं ते त्याला वारस ठरवून. आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई मेल्या त्या यशवंतच्याच दवाखान्यासाठी रोगी उचलून आणताना. संस्था, घर, शिक्षण, वारसा आणि शेवटी खांद्याला खांदा लावून काम, असं ते नातं होतं. अठरा झालं म्हणून यशवंतला कुणी पिशवी हातात दिली नाही.

खुद्द बाबासाहेबांचं बघा. आई भिमाबाई गेल्या तेव्हा ते पाच-सहा वर्षांचे. आत्या मीराबाईंनी सांभाळलं. म्हणजे ज्याला आज सरकार नातलगांकडचं संगोपन म्हणतं, त्यात आपला बाप वाढला. १९०९ साली ते अठराचे झाले. तेव्हा काय त्यांना सांगितलं कुणी, चल नीघ? परळच्या चाळीतल्या एका खोलीत रामजीबाबा पोराला पहाटे उठवून अभ्यासाला बसवीत, पुस्तकासाठी लेकींचे दागिने गहाण टाकीत. कॉलेजात सयाजीरावांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ ला बी.ए. झाले. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील गेले आणि त्याच वर्षी बाविसाव्या वर्षी सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. अठरा ते बावीस ही चार वर्षं त्यांच्या आयुष्यातनं काढून टाका. काय राहतं? गोदीतला एक हुशार हमाल राहतो. या देशाची राज्यघटना त्या चार वर्षांत बापानं गहाण टाकलेल्या दागिन्यांवर उभी आहे. आज बालगृहातनं बाहेर पडणाऱ्या पोराचीही नेमकी हीच चार वर्षं सरकार गिळतं.

म्हणून तर बाबासाहेबांनी वसतिगृहांचा ध्यास घेतला. बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ ला सोलापुरात वसतिगृह काढलं. त्याआधी शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातवार बोर्डिंगं उभी केली होती. १९५० ला तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय निघालं आणि नागसेनवनातल्या वसतिगृहांच्या खोल्यांत आपले कवी, वकील, मास्तर, पुढारी घडले. ही सगळी चळवळच वसतिगृहात वाढलेली आहे. खाट, कंदील, मेसची पातळ आमटी आणि बाजूला कुणीतरी आपलं माणूस. एवढ्यावर माणूस उभा राहतो हे आपल्याशिवाय जास्त कुणाला माहीत?

आणि आपली चळवळ काय करते?

१४ एप्रिलला केळी वाटते. वह्या वाटते. बालगृहातली पोरं रांगेत बसवते, पुढाऱ्याच्या हातनं बिस्किटाचा पुडा देते, फोटो काढते. फोटो बॅनरवर जातो. (संस्थेतल्या मुलाची ओळख उघड करणं हा कलम ७४ प्रमाणं गुन्हा आहे, हे पुढाऱ्याला सांगा.) पोरं टाळ्या वाजवतात. त्यातलं एखादं सतरा वर्षांचं असतं. पुढच्या १४ एप्रिलला ते तिथं नसतं. कुठं गेलं? विचारलं कुणी? त्या दानशूर सवर्णांत आणि आपल्यात मग फरक काय राहिला? केळ्याला निळा रंग दिला म्हणून दान हे हक्क होत नाही.

"ही पोरं बिघडलेली असतात," असं आपलेच लोक म्हणतात. नशा करतात, चोऱ्या करतात, एका जागी टिकत नाहीत. असतील काही. ज्यानं कधी स्वतः बाजारातनं भाजी आणली नाही, ज्याच्या हातात कधी शंभर रुपये ठेवले नाहीत, घंटेवर उठला, घंटेवर जेवला, घंटेवर झोपला, त्याला एका सकाळी सांगितलं की आता सगळं तुझं तू बघ. तो चुकणार नाही तर काय करणार? आपल्या घरातलं पोरगं चुकलं तर बाप दोन शिव्या देतो आणि रात्री दार उघडतो. दार उघडणारं कुणी नसलं की चूक फौजदारी होते.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या पँथरांचं. त्या देशात अशी पोरं बहुतेक सरकारनं नेमलेल्या पालक-घरांत वाढतात आणि काळ्यांची पोरं त्यांत लोकसंख्येच्या मानानं जास्त आहेत. तिथंही अठराची वेस होती. पण १९८८ साली कॅलिफोर्नियात त्याच घरांतनं वाढलेल्या तरुणांनी स्वतःची संघटना काढली. आमच्याबद्दल बोलताना आम्हाला बोलू द्या, म्हणाले. आमदारांच्या समोर उभे राहिले. १९९९ ला या वयाच्या तरुणांसाठी केंद्राचा वेगळा निधी झाला, २००८ च्या कायद्यानं राज्यांना एकविसापर्यंत सांभाळायला केंद्राचा पैसा मिळू लागला, आणि कॅलिफोर्नियानं २०१० ला तसा कायदा करून २०१२ पासनं अंमल सुरू केला. तिथं सगळं सोन्याचं झालं असं नाही. पण वेस हलली ती पोरं स्वतः बोलली म्हणून. कुणी त्यांना केळी वाटली म्हणून नाही.

काय करायचं?

भाषण पुरे. कामाची यादी घ्या.

१. अठराव्या वर्षी धावू नका, सोळाव्या वर्षी जा. आपल्या जिल्ह्यातल्या बालगृहात सोळा-सतराची पोरं किती, त्यांचा वैयक्तिक काळजी आराखडा केला आहे का, पुढं काय ठरलंय, हे बाल कल्याण समितीकडं लेखी विचारा. पोरांची नावं मागू नका, संख्या मागा, काम मागा.

२. आधार, अधिवास, जातीचा किंवा अनाथाचा दाखला, बँकेचं खातं. हे सगळं पोरगं आत असतानाच झालं पाहिजे, आणि ते करणं संस्थेचं नि अधिकाऱ्याचं काम आहे. अडलं तर आपल्या वकिलांनी वकीलपत्र फुकट घ्यावं.

३. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. आपल्या जिल्ह्यात गेल्या तीन वर्षांत अठरा पुरी करून किती बाहेर पडले, किती जणांना अनुरक्षणाचा पैसा मिळाला, किती महिन्यांनी मिळाला. उत्तर येईल ते मोर्चाच्या फलकावर लिहा.

४. ज्या वस्तीत विहाराला मागं खोली आहे तिथं दोन खाटा टाका. पोरानं तिथं वर्षभर राहावं, शिकावं, कमवावं. त्याच्याकडनं झाडलोट करून घेऊ नका. तो पाहुणा नाही आणि गडीही नाही.

५. नोकरी असलेल्यांनी डिपॉझिटला हात लावावा, भाडेकराराला साक्षीदार म्हणून सही करावी. फॉर्मवर 'अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं' असा एक रकाना असतो. त्या रकान्यात लिहायला या पोरांकडं नाव नसतं. तिथं तुमचं नाव लिहू द्या. यासारखी स्वस्त आणि जोखमीची दुसरी क्रांती नाही.

६. मागणी एकच धरा आणि ती सोडू नका: कलम ४६ मधलं 'देता येईल' काढा, 'दिलेच पाहिजे' घाला. तेवीसपर्यंत छप्पर, शिक्षण आणि महागाईप्रमाणं वाढणारा पैसा. पालकांच्या व्याख्येत न बसणाऱ्या, आईबाप असून पोरक्या झालेल्यांनाही.

७. आणि व्यासपीठावर आपण बसू नये. बालगृहातनं बाहेर पडून आज कुठंतरी रिक्षा चालवणारे, दवाखान्यात ड्यूटी करणारे, हॉटेलात कप धुणारे, कॉलेजात शिकणारे आहेत. त्यांना बोलवा. त्यांना वाटलं तर बोलतील. बोलले तर मधे तोंड घालू नका.

कुणी म्हणेल, हे सरकारचं काम, आपण कशाला? सरकारचं आहेच. पण सरकारनं आपलं कुठलं काम आपण गचांडी धरल्याशिवाय केलंय?

येता १ जून जवळच्या बालगृहाच्या दारात काढा. हार नको, केळी नकोत, कॅमेरा नको. दार उघडेल, एक पोरगं पिशवी घेऊन बाहेर येईल. त्याची पिशवी धरा. विचारा, "जेवलास का? चल."

जयभीम.